आधी बॉल, मग हात

रविवारी संध्याकाळचं दूध उशिरा निघतं अशी तक्रार गाडीवाल्याने पुन्हा पुन्हा केली, तेव्हा कारण शोधायला मी स्वतः गेले. गावच्या दूध संस्थेची मी सचिव. धारूरच्या डोंगराखालचं आमचं गाव, आणि ओळीने दुसरं कोरडं वर्ष. तलावात भेगा पडलेल्या, दूध निम्म्यावर आलेलं. कमी दुधाला उशीर व्हायचं खरं तर काही कारण नव्हतं. मी घरून निघतानाच शक्य ती कारणं कागदावर लिहून घेतली होती: वीज नसेल, फॅट काढायचं यंत्र बिघडलं असेल, कोणी दुधात पाणी घातल्यावरून भांडण झालं असेल. त्या वर्षी दुधात घालायला तरी पाणी कुठे होतं, म्हणून शेवटचं कारण मी वाटेतच खोडलं.

खरं कारण भिंतीवर टांगलेलं होतं. जनावरांच्या आजारांची माहिती दाखवायला म्हणून संस्थेला एक टीव्ही मिळाला होता. त्याच्यासमोर दूध घालून झालेली माणसं रिकाम्या किटल्या घेऊन उभी होती आणि ज्यांचं घालायचं होतं ती भरल्या किटल्या घेऊन उभी होती. फॅट काढायचं काम माझ्या धाकट्या दिराकडे. त्याचा एक हात यंत्रावर आणि डोळे वर. इटलीतला फुटबॉलचा सामना चालला होता.

मी टीव्ही बंद करायलाच हात वर केला होता. तेवढ्यात तिकडे पाऊस आला. साधा नव्हे, धो धो. खेळणाऱ्यांच्या पायाखाली पाणी साचलं, बॉल एका जागी अडकून बसला. आमच्यातलं कोणी बॉलकडे बघतच नव्हतं.

"पड बाबा, पड," मागून एक म्हातारे म्हणाले. घरी एक म्हैस राखून असलेले हे म्हातारे आमचे सगळ्यात जुने सभासद. सगळा गाव त्यांना आबा म्हणतो. "तिकडं तरी पडतोय."

"आबा, ते पानी कुठं जातं आसंल वो?" रांगेतल्या एकाने विचारलं.

"नालीत. दुसरं कुठं."

"आरं तिच्या..."

माझा हात तसाच खाली आला. टीव्ही चालू राहिला.

त्याच दिवशी मी त्या पोराला पहिल्यांदा बघितलं. एका संघाचा जुना, दाढीवाला डिफेंडर पाय धरून खाली बसला. त्याला बाहेर नेलं आणि त्याच्या जागी एक लांबडं पोरगं आत आलं. वय अठरा-एकोणीस, मिसरूडही नीट फुटलेलं नाही.

"हे लेकरू कावून उतरवलं बे?" आबांनी माझ्या दिराला विचारलं.

"दुसरं कोनी न्हाई, आबा. समदे लंगडे झालेत."

"मंग आता गेलीच मॅच."

मॅच गेली नाही. मला खेळातलं काही कळत नव्हतं, पण नीट चाललेलं काम मला कळतं. ते पोरगं आत आलं आणि सगळ्यात आधी त्याने मागे वळून बघितलं. मग डावीकडे, मग उजवीकडे. मग आपल्यापेक्षा दहा वर्षांनी मोठ्या माणसाला बोटाने दाखवलं की तू तिथे उभा राहा. आणि तो माणूस मुकाट्याने तिथे जाऊन उभा राहिला! समोरून बॉल घेऊन येणाऱ्याच्या अंगावर हा पोरगा धावून जात नव्हता. थोडा तिरका उभा राहायचा, मागे मागे सरकायचा आणि समोरच्याला हळूहळू कडेला न्यायचा. बुजलेल्या कालवडीला आपण गोठ्याकडे वळवतो तसं. कडेला नेलं की बॉल अलगद काढून घ्यायचा. टाळी वाजावी असं त्यात काही नव्हतं. तो होता तोवर त्याच्या बाजूने काहीही घडलं नाही, एवढंच.

काहीही घडू न देणं हे किती कष्टाचं काम असतं, ते दुष्काळात टँकरचं नियोजन करणाऱ्या माणसाला विचारावं. टँकर वेळेवर आला, सगळ्यांना पाणी मिळालं, कोणी कोणाच्या डोक्यात हंडा घातला नाही, तर त्या दिवसाची बातमी होत नाही. मला ते पोरगं तिथेच आवडून गेलं.

टीव्ही मी बंद केला नाही, समोरच्या भिंतीवर हलवला. त्यामुळे दूध घालायची रांग टीव्हीकडे तोंड करून पुढे सरकू लागली आणि घालून झालेल्यांना मागे उभं राहावं लागलं. गाडी वेळेवर निघायला लागली. पुढच्या रविवारपासून बायकाही थांबू लागल्या. एकदा सामन्याआधी मैदानावर फवारे सुरू झाले. हिरव्यागार गवतावर पाणी उडत होतं आणि आमच्याकडे कडबा सोन्यासारखा जपून टाकत होते.

"काय वो बाई," एकीने मला विचारलं, "हे गवत खातं कोन?"

"कोणी नाही. त्याच्यावर खेळतात."

"कोनीच न्हाई?"

"नाही."

तिने पुढे होऊन पडदा जवळून बघितला. मग म्हणाली, "माझ्या गाईला दाखवू नगा."

पोरगं आता दर रविवारी पहिल्यापासून खेळू लागलं होतं. दाढीवाला बरा होऊन बाकावर येऊन बसला, तरी पोरगं आतच. त्याचं नाव कोणालाच धड उच्चारता येईना, म्हणून 'आपलं पोरगं' एवढंच चालायचं. आपलं पोरगं आज बरं दिसंना, आपल्या पोराला ताप हाय का, असं. आबा तर ते पडलं की स्वतःचा गुडघा चोळायचे.

या सगळ्यात एकजण मात्र बोलत नसे, फक्त बघत असे. दिराची मुलगी, माझी पुतणी, अकरावीत शिकणारी. बापाचा डबा घेऊन यायची आणि खांबाला टेकून उभी राहायची. तीही डिफेंडरच होती. तिच्या कॉलेजात मुलींचा फुटबॉलचा संघ होता आणि खेळाच्या सरांनी तिला मागे उभं केलं होतं. आता जिल्ह्याचा संघ निवडायचा होता. बीडला दोन रविवारी सकाळी सगळ्या कॉलेजांच्या मुली मिसळून सामने होणार, ते बघून तिथले निवडीचे सर नावं ठरवणार, आणि निवडलेल्या मुली सरावाला बीडलाच राहणार. दिराने तिला साफ सांगून टाकलं होतं, "निवड झाली तर खेळ, मी आडवा यायचो न्हाई. न्हाई झाली तर बूट माळ्यावर. बारावी करायची आन् नर्सिंगला जायचं." त्यात चूक काही नव्हतं. नर्सिंग केलं की नोकरी लागते, हे आमच्या आळीतल्या दोन-तीन मुलींनी दाखवून दिलं होतं. पण पोरीच्या मनात काय होतं ते मला दिसत होतं. तिने बुटांना स्वतः टाके घातले होते.

ती डिफेंडर कुठे झाली म्हणाल तर टँकरच्या रांगेत. टँकर आमच्या संस्थेच्या आवारात उभा राहायचा. त्याच्या मागच्या नळीला हंडा लावायचा तर बायकांच्या लोंढ्यात जागा धरून ठेवावी लागते. ढकललं तर भांडण होतं, न ढकललं तर मागे पडतो. ही पोरगी पाय फाकवून, थोडी तिरकी, कमरेने जागा धरून उभी राहायची. कोण कुठून घुसणार ते तिला आधीच कळायचं आणि ती बाई घुसायच्या आत तिथे हिचा खांदा असायचा. हात लावला म्हणून कोणी तक्रार करू शकत नसे. "तुझ्या पोरीच्या अंगाला तेल लावल्यालं आसतं का? धरायलाच गावत न्हाई," असं बायका तिच्या आईला म्हणायच्या.

त्या रांगेचे नियम मी घालून दिले होते. फळ्यावर आळीवार क्रम आणि घरटी एक नाव (आळीच्या आत मात्र जिने तिने आपली जागा धरायची), गरोदर बाईला आधी, एका वेळी दोनच हंडे. आणि सगळ्यात वर एक नियम मोठ्या अक्षरांत: कोणी पडलं तर सगळ्यांनी थांबायचं, हंडे खाली, आधी तिला उचलायचं. त्याला कारण होतं. मागच्या दुष्काळात अशाच गर्दीत आमच्या आळीतली एक म्हातारी खाली पडली. टँकर रिकामा होऊन निघून गेला, बायका पांगल्या, तेव्हा कुठे ती दिसली. खुबा मोडला होता. पुढे ती उठून चालली नाही. तेव्हापासून आमच्या गावात टँकरवर कोणी पडलं की नळीचं पाणी जमिनीवर सांडत असलं तरी बायका जागच्या जागी थांबतात. बाहेरून लग्न होऊन आलेल्या सुनेला पहिल्या आठवड्यात हे शिकवतात. मी गावाला बऱ्याच गोष्टींची शिस्त लावायला गेले. टिकली ती ही एक.

पहिल्या रविवारी पोरगी पहाटेच्या एसटीने बीडला गेली. दुपारी दिराला सरांचा फोन आला. दीर यंत्राजवळ बसून राहिला. मी विचारलं तेव्हा म्हणाला, "वैनी, तुमच्या फळ्यानं घात केला."

झालं होतं असं. सामना बरोबरीत होता, थोडाच वेळ उरला होता. समोरच्या संघातली एक मुलगी बॉल घेऊन हिच्यावर चालून आली आणि स्वतःच्याच पायात पाय अडकून आडवी झाली. बॉल सुटून बाजूला गेला. हिने बॉल सोडला, वाकली आणि त्या मुलीला उचलायला लागली. रेफ्रीची शिट्टी वाजलेली नव्हती. दुसऱ्या एका मुलीने मोकळा बॉल घेतला आणि गोल केला. आमची पोरगी तेव्हा पडलेल्या मुलीच्या कोपराची माती झटकत होती.

संध्याकाळी ती गावात उतरली तेव्हा दूध संकलन चालूच होतं. तिला घरी जाता आलं असतं, पण ती सरळ संस्थेत आली आणि नेहमीच्या खांबाला टेकली.

"आली का समाजसेविका?" दीर म्हणाला.

"आप्पा, ती पडलती."

"पडलती तर पडू द्यायची! तिची माय न्हवती का तिथं? सर काय म्हनले म्हाईत हाय का? म्हनले, पोरगी चांगली हाय, पन हिला खेळायचं हाय का दवाखाना काढायचाय?"

कोणीतरी हसलं. पोरीचा चेहरा उतरला. मला वाटलं आता ही रडणार, पण ती म्हणाली, "फुडच्या रविवारी परत उतरवतो म्हनलेत. येकदाच."

"आन् परत कोनी पडलं तर?" बापाने विचारलं.

ती बुटांची नाडी बोटाला गुंडाळत राहिली. जे तिला लहानपणापासून शिकवलं ते आता विसर, असं कोणत्या तोंडाने सांगायचं? आणि नाही विसरली तर बूट माळ्यावर.

टीव्हीवर आपलं पोरगं खेळत होतं. बोलणं तिथेच थांबलं, कारण समोरच्यांनी जोर लावला होता. त्यांचा एक दांडगा गडी बॉल घेऊन पोरावर आला, पोराने त्याला कडेला न्यायला सुरुवात केली आणि तो गडी घसरून धाडकन पडला. पडला तो पाय धरून गडबडा लोळायलाच लागला.

"नाटक करतंय," दीर म्हणाला.

"नाटक न्हाई, लागलंय त्येला," आबा म्हणाले.

बॉल मोकळा होता. पोराने पडलेल्याकडे बघितलंही नाही. दोन ढांगांत बॉल गाठला आणि असा हाणला की तो मैदानाबाहेर लोकांत जाऊन पडला. खेळ थांबला. मग ते पोरगं वळलं, मागे आलं, वाकलं आणि त्या गड्याला हात दिला. उठवलं, पाठीवर थोपटलं आणि लगेच बोटाने आपल्या माणसांना जागा दाखवू लागलं.

"बघ, उचललं का न्हाई!" आबा दिराला म्हणाले. "पोरगं मानसात हाय. उगं बोलतो का लेकीला."

"पन आबा, गोल कुठं होऊ दिला त्यानं?"

दोघांची त्यावर जुंपली. पोरगी माझ्याजवळ आली.

"काकू, त्यानं आधी काय केलं?"

"बॉल बाहेर घालवला."

"आन् मग हात दिला."

"हो."

"बॉल भायेर गेला की कोनालाच काई करता येत न्हाई. समदे थांबत्यात. मग उचलायला येळच येळ." ती स्वतःशीच बोलल्यासारखी बोलली. "आधी बॉल, मग हात."

पुढचा आठवडाभर ती कोरड्या तलावात सराव करत होती. तिथे जमीन सपाट होती, भेगा तेवढ्या मातीने बुजवल्या होत्या. धाकट्या भावाला पळत येऊन पडायला लावायची. तो खोटं खोटं पडायचा, ही बॉल बांधाकडे हाणायची आणि परत येऊन त्याला उठवायची. पहिल्या दिवशी तिचे हात आधी त्याच्याकडेच जायचे. तलावाच्या भरावावरून मी ते बघितलंय. पाय बॉलकडे आणि हात भावाकडे, अशी अर्धी अर्धी होऊन ती स्वतःच पडली.

मला मात्र वेगळीच धास्ती होती. ही सवय टँकरवरही आली तर? आधी हंडा, मग हात, असं झालं तर? हे मी कोणाला बोलून दाखवलं नाही.

गुरुवारी टँकर आला. नळीशी हिचा हंडा लागलेला, अर्धा भरलेला. मागे एक नवी सून चिखलावर घसरली आणि तिच्या हंड्यासकट बसली. मी फळ्याजवळ उभी होते. आमच्या पोरीने नळी सोडून दिली. हंडा कलंडला, भरलेलं अर्धं पाणी वाहून गेलं, आणि ही सुनेच्या काखेत हात घालून तिला उभी करत होती. बाकीच्या बायका थांबल्याच होत्या. मग पोरीने आपला रिकामा हंडा उचलला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "काकू, हितं बॉल भायेर घालवता येत न्हाई ना."

मी फळ्यावर खूण करून तिला पुन्हा पहिला नंबर दिला. रांगेने तिला नळीपर्यंत वाट करून दिली.

दुसऱ्या रविवारी मी तिच्याबरोबर गेले. पिशवीत पाणी, लिंबू, पट्टी, सुई-दोरा, आधार कार्डाची झेरॉक्स, भाकरी असं सगळं यादीप्रमाणे घेतलं. बीडच्या स्टँडवर उतरून रिक्षाने मैदानावर गेलो. मैदानावर गवताची काडी नव्हती, धुळीचे लोट उठत होते. सरांनी मला नमस्कार केला आणि म्हणाले, "तुम्हीच का तो नियम लिहिलेला?" म्हणजे गोष्ट बीडपर्यंत पोचली होती.

सामन्यात तिने काय केलं ते मला ओळीने सांगता येईल, कारण मी दुसरीकडे बघितलंच नाही. ती आधी मागे वळून बघायची. बोटाने जागा दाखवायची. बीडच्या शहरी मुली तिच्याहून चांगले बूट घातलेल्या, पण तिच्या बोटाकडे बघून सरकत होत्या. समोरच्या मुलींना ती एकेक करून कडेला घेऊन जात होती. टँकरच्या गर्दीत उभी असल्यासारखी तिरकी, पाय फाकवून.

आणि मग व्हायचं ते झालंच. मैदान खडबडीत होतं, कोणी ना कोणी पडणारच होतं. एक किडकिडीत मुलगी वेगाने आली आणि खड्ड्यात पाय जाऊन तोंडावर आपटली. बॉल पुढे घरंगळला. मी जागेवरून उठले होते. आमच्या पोरीचे हात एकदम पुढे गेले, मला ते स्पष्ट दिसलं. मग ते हात तिने मागे ओढून घेतले, पाऊल टाकलं आणि बॉल सरळ कुंपणाबाहेर, रस्त्यावरच्या रसवंतीच्या छपरावर हाणला. वळली, परत आली, गुडघ्यावर बसली. त्या मुलीच्या ओठातून रक्त येत होतं. हिने स्वतःच्या शर्टाच्या बाहीने ते टिपलं.

सर माझ्याशेजारी उभे होते. त्यांनी खिशातून पेन काढलं तेवढं मी बघितलं.

संध्याकाळी आम्ही संस्थेत पोचलो तेव्हा दिराने यंत्र सोडून विचारलं, "गोल किती केले?"

"येकबी न्हाई," पोरगी म्हणाली. "होऊबी दिला न्हाई."

"मंग निवड?"

"झाली."

आबांनी आपली किटली खाली ठेवली आणि आपल्याच म्हशीला पारडू झाल्यासारखं सगळ्यांना सांगत सुटले. दिराने तिच्या हातातली बुटांची पिशवी घेतली आणि कपाटात, फॅटच्या बाटल्यांशेजारी नीट ठेवली. त्या दिवशी टीव्हीवर सामनाच नव्हता. कोणाच्या लक्षातही आलं नाही.

पोरगी सरावाला बीडला राहायला गेली. इटलीतलं आपलं पोरगं पुढेही रविवारी दिसत राहिलं. दाढीवाला त्याच्या गळ्यात हात टाकून चालतानाही एकदा दिसला.

इकडे दिराच्या घरचा हंडा कोण आणणार असा प्रश्न आला. त्याच्या बायकोला कमरेचं दुखणं, धाकटा फार लहान. मी फळ्यावरचं पोरीचं नाव पुसून तिथे बापाचं लिहिलं. पहिल्या दिवशी तो बायकांच्या रांगेत हंडा घेऊन उभा राहिला, सरळ, हाताची घडी घालून. बघता बघता चारजणी त्याच्या पुढे निघून गेल्या. त्याने खांदा पुढे केला तर पाचवी दुसऱ्या बाजूने घुसली.

"भावजी," नळीजवळून एक ओरडली, "बीडला फोन लावा आन् लेकीला इचारा, उभं कसं ऱ्हायाचं ते!"

सगळी रांग हसली. दीरही हसला. मग त्याने हंडा कमरेवर घेतला, पाय फाकवले आणि थोडा तिरका झाला.